नाव सार्थकचं, हात दुसऱ्याचा

नाशिकरोड कारागृह
४ ऑगस्ट २०२५

उज्वलाताई,

नमस्कार लिहायचा असतो म्हणून लिहिला, मनापासून नाही.

इथं कागद मागून घ्यावा लागतो आणि लिहिलेलं वाचूनच पुढे पाठवतात. वाचू दे. मला काही लपवायचं नाही. मी तुमच्या तंत्रनिकेतनात शिरलो, त्या सार्थक तिडकेचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि पाईपनं ठेचला. पोलिसांनी विचारलं तेव्हाही हेच सांगितलं. तू मधे पडलीस म्हणून तुझा दात गेला, त्याचं मात्र वाईट वाटतं. तुला मारायला मी आलो नव्हतो.

आता तूच सांग, माझं काय चुकलं? अमोल माझा सख्खा भाऊ, तुझाही मावसभाऊच. अंबडच्या कारखान्यात पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर काम करायचा. आज त्याच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा उरलाय. कशामुळे, तर तुमच्या त्या ऑनलाइन पाठामुळे. तू मास्तरीण, तुझी पोरं कॅमेरे घेऊन, सगळ्यांनी मिळून म्हणे कामगारांना मोबाईलवर शिकता यावं म्हणून व्हिडिओ बनवले. त्यातल्या एकात एक हात येतो आणि प्रेसच्या बटणात पाचर कशी मारायची ते झकास दाखवतो. दोन हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. एका बटणात पुठ्ठ्याची पाचर मारून वर टेप चिकटवली की ते दाबलेलंच राहतं, एक हात मोकळा होतो आणि माल भराभर निघतो. मग एक दिवस तो मोकळा हात आत असतानाच प्रेस खाली येतो. मी फिटर आहे, मला शिकवू नकोस. अंबडच्या प्रत्येक ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला आणि त्याच्यावर नाव होतं, ‘प्रात्यक्षिक : सार्थक तिडके’. ज्या हातानं शिकवलं तो हात मी फोडला. हिशेब सरळ आहे.

तुझा तो शूर विद्यार्थी हात धरल्यावर काय ओरडत होता आठवतं का? “हात माझा नाही, हात माझा नाही.” मी म्हटलं, मनगटाला तुझ्याच चिकटलाय की रे! इथल्या पोरांना सांगितलं तर पोट धरून हसली.

वकील म्हणतात, तू कोर्टात ‘रागाच्या भरात आला होता, जीव घ्यायला नाही’ एवढं म्हणालीस तर जामीन अवघड नाही. आई तुझ्याकडे येऊन गेली. तू चहा दिलास, शब्द दिला नाहीस. शोभलं का तुला?

त्या पोराला माझा निरोप दे. म्हणावं, डावा हात बाकी आहे. बाहेर आल्यावर भेटू.

समाधान


नाशिक
१३ ऑगस्ट

समाधान,

धाकट्या भावाला आशीर्वाद लिहायची रीत आहे. तो लिहायला हात उठत नाही, म्हणून मोकळ्या जागेतच समजून घे.

तुझी धमकी सरकारी शिक्क्यासकट घरपोच आली. ‘डावा हात बाकी आहे’ हे वाचून तपासणाऱ्यानं काय समजूत करून घेतली देव जाणे. मी मात्र ते पत्र नीट घडी करून ठेवलंय.

तू हसलास म्हणून त्या दिवशीचं मीच सांगते. आमचा स्टुडिओ म्हणजे मागची एक वर्गखोली. आवाज घुमू नये म्हणून पोरांनी घरच्या गोधड्या आणून भिंतींवर टांगल्यात. माझी विद्यार्थिनी रोशनी माईकसमोर पाठ वाचत होती, सार्थक कॅमेऱ्यामागे होता. तू दारात येऊन विचारलंस, “सार्थक तिडके कोण?” त्या मुलानं हजेरीला करतात तसा हात वर केला. सवयीनं. कुणी नाव घेतलं की हात वर करायचा, एवढंच त्याला ठाऊक. तू तोच हात धरलास. टेबलावर पहिला घाव बसला तेव्हा मला वाटलं कॅमेऱ्याचा स्टँड मोडला. दुसऱ्या घावाला कळलं की हाड आहे. मी तुझ्या दंडाला लोंबकळले, तुझं कोपर तोंडावर बसलं आणि दात माझ्याच जिभेवर आला. तरी तू थांबला नाहीस. रोशनी गोधडीत तोंड खुपसून किंचाळत होती. शिपाई आणि वर्कशॉपची पोरं मिळून तुला आडवं पाडेपर्यंत तू मारत होतास, आणि नंतर जमिनीवर पडूनही पाय झाडत होतास. ती गोधडी मी धुऊन पाहिली. रक्त जात नाही.

सार्थकच्या हातात सळ्या घातल्यात. मूठ वळत नाही. मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा आहे, आई लंकाबाई बाजारात फुलं विकते, बाप आजारी. हा पोरगा सकाळी झेंडू तोडून कॉलेजला यायचा. तो दाखवत फिरत नाही, पण मला दिसतं, शर्टाचं बटण लावायलाही आता आई लागते.

आता आमच्या पाठाबद्दल. आमचं चुकलं, ते मी पहिल्या दिवसापासून सगळ्यांसमोर सांगते आहे. मोबाईलवर कुणी फार वेळ बघत नाही, म्हणून प्रत्येक पाठाचे छोटे तुकडे करायचे असं आम्ही ठरवलं. पहिल्या तुकड्यात चुकीची पद्धत, दुसऱ्यात तिचा परिणाम आणि बरोबर पद्धत. पहिल्यातही रोशनीचा आवाज बजावून सांगतो, “असं कधीही करू नका.” दुसऱ्यात आम्ही हातमोज्यात काकड्या भरून प्रेसखाली ठेवल्या. प्रेस खाली आला ते पाहून आमची दोन पोरं बाहेर जाऊन ओकली. पण तुमच्या ग्रुपवाल्यांनी पहिला तुकडा उचलला, रोशनीचा आवाज काढला, वर गाणं चढवलं आणि ‘डबल माल काढायची ट्रिक’ म्हणून सोडून दिला. चुकीचं आणि बरोबर वेगळं ठेवणं हा आमचा मूर्खपणा. त्याची जबाबदारी माझी, त्या मुलाची नाही.

बाकी तू त्या हाताबद्दल एवढं छातीठोकपणे लिहितोस, तो तू नीट पाहिलास का? एवढंच विचारते.

कोर्टात मी जे पाहिलं ते सांगेन. मावशीला चहा दिला, पुढेही देईन.

उज्वला


नाशिकरोड कारागृह
२४ ऑगस्ट

ताई,

तो व्हिडिओ मी इतक्यांदा पाहिलाय की झोपेतही दिसतो. हात नीट पाहिला का म्हणून मला विचारतेस? हाताला काय तोंड असतं ओळखायला? नाव लिहिलेलं होतं, ते वाचलं.

तू रक्ताची गोधडी सांगितलीस, आता माझं ऐक. मी दुसऱ्या कारखान्यात कामाला होतो. फोन आला, धावत गेलो. अमोल प्रेसशेजारी खाली बसलेला, हाताला कुणाचा तरी शर्ट गुंडाळलेला, शर्टातून रक्ताची धार. रडत नव्हता. नुसता डायकडे, प्रेसखालच्या साच्याकडे बघत होता. बोटं काढायला प्रेस वर घ्यावा लागला आणि तो मी घेतला, ताई, कारण बाकी कुणाचे हात चालत नव्हते. निघालं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पिशवीत बघितलं आणि पिशवीची गाठ परत मारून दिली. ती गाठ अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्यानंतर मी कुणाला मारलं तर लोकांना नवल वाटतं. मला नवल वाटतं की एकालाच मारलं.

आणि अमोल स्वतःहून पाचर मारणारा पोरगा नाही. मागच्या वर्षी त्यांची मशीन दुरुस्त करायला गेलो होतो, तेव्हा हा गडी पाचर मारून काम करताना सापडला. तिथंच, सगळ्यांसमोर असा बदडला की कानातून रक्त आलं. म्हटलं, “परत दिसलास तर प्रेसचं राहू दे, मीच तोडीन बोटं.” त्यानंतर हात लावला नाही त्यानं. माझ्या एका हाकेत होता. लहानपणी आमच्या द्राक्षबागेत मणी विरळणीच्या कात्रीनं त्याच्या उजव्या अंगठ्याचा बुडखा फाटला, तर हा अख्खी दुपार खिशात हात घालून उभा! मी मारीन म्हणून. चड्डी लाल झाली तेव्हा आईला कळलं. आम्ही अजून हसतो त्यावर. असा भित्रा पोरगा माझी ताकीद मोडून पाचर मारेल का, तूच सांग.

दवाखान्यात तो शुद्धीवर आल्यावर मी पहिलं हेच विचारलं, पाचर मारली होती का. खालच्या मानेनं म्हणाला, “दादा, ताईच्या व्हिडिओत दाखवली तशीच मारली. मला वाटलं ताईचं म्हणजे बरोबरच असणार.” माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलत नाही. त्याची छाती नाही तेवढी.

१८ सप्टेंबरला जामिनावर सुनावणी आहे. तू काय ते ठरव. निरोप दिलास का त्या पोराला?

समाधान


नाशिक
३ सप्टेंबर

समाधान,

निरोप मी दिला नाही. तो तुझ्या दोस्तानं दिला.

परवा सकाळी फुलबाजारात पुंजा गेला होता. लंकाबाई झेंडूचे क्रेट उतरवत होत्या. त्यानं एका क्रेटमध्ये बुटासकट पाय घातला, त्यांचं मनगट धरून क्रेटच्या काठावर ठेवलं आणि वर कोयता टेकवला. “केस मागं घ्या. नायतर समाधानदादा भायेर आला का पोराला चमचाबी धरता येनार नाय.”

त्या बाईचं वजन पोत्याएवढंही नसेल. ती म्हणाली, “माझ्या पोराचा घेतला, आता माझाबी घे. माळा मी दातानं ओवीन. पण केस नाय सोडनार.”

पुंजानं कोयता दाबला. टाके पडलेत. झेंडू रक्तानं भिजले ते फेकायला लागले आणि ती बाई दवाखान्यात जायच्या आधी उरलेले विकून गेली. सार्थकला हे कळल्यापासून तो घराबाहेर पडत नाही. दाराला आतून कडी लावून बसतो आणि कडी लावायलाही त्याला डावाच हात आहे.

मावशी काल परत आली. “आपलेच दात, आपलेच ओठ, सांभाळून घे गं,” म्हणाली. मी तिला तोंड उघडून दाखवलं. दात तर तुझ्या लेकानंच पाडलाय, मावशी, आता ओठ तेवढे राहिलेत.

तेव्हा स्पष्ट लिहिते. १८ तारखेला मी कोर्टात जाणार. तुझी दोन्ही पत्रं सरकारी वकिलांकडे देणार. तू बाहेर आलास तर त्या मुलाचा दुसरा हात राहत नाही, आणि कदाचित जीवही राहत नाही. हे मला माझ्या भावाबद्दल सांगावं लागतंय म्हणून मी रडले नाही असं समजू नकोस.

आणखी एक गोष्ट आहे. ती तुला कळली असती तर तू पाईप उचलला नसतास. मी शब्दानं बांधलेली आहे म्हणून गप्प आहे. त्या शब्दापायी एका मुलाचा हात गेला आणि त्याच्या आईच्या मनगटाला टाके पडले. आता तो शब्द पाळावा की नाही, हे मला कळेनासं झालंय.

उज्वला


नाशिकरोड कारागृह
८ सप्टेंबर

उज्वला,

ताई लिहीत नाही. ताईसारखी वागलीस की लिहीन.

पुंजाला मी बाईला हात लावायला सांगितलं नव्हतं. पोराचं सांगितलं होतं. तो अर्धवट आहे, त्याचं मी बघून घेतो.

पत्रं दे कोर्टात. फ्रेम करून दे. जामीन आज नाही तर सहा महिन्यांनी होईल, शिक्षा झाली तरी कधीतरी संपेल. मळा कुठं पळून जाणार नाही. मखमलाबाद मला माहीत आहे.

शब्द, गोष्ट, मी बांधलेली आहे, हे मास्तरकीचं नाटक माझ्यापुढे नको. सांगायचं तर सांग, नाहीतर उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नकोस. माझ्या भावाच्या बोटांपेक्षा मोठी गोष्ट कोणती?

समाधान


नाशिक
१२ सप्टेंबर

समाधान,

काल मी गावी जाऊन आले. मावशी बाजारात गेली होती. अमोल पडवीत एकटाच बसला होता, हात पोटाशी धरून. मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं आणि सार्थकच्या आईचं सांगितलं. त्यानं हात आणखी पोटाशी ओढला. मग म्हणाला, “सांगून टाक ताई. पण पत्रात सांग. दादाचा हात पोचेल एवढ्या अंतरावर मी असताना नको.”

म्हणून पत्रात सांगते. व्हिडिओतला हात अमोलचा आहे.

तो पाठ आम्ही आमच्या वर्कशॉपमधल्या जुन्या प्रेसवर केला. पाचर मारलेली आम्ही पाहिलेली होती, पण मारायची कशी ते आमच्या मुलांना येत नव्हतं. ती दोन-तीन दिवस धडपडली, पुठ्ठा निसटायचा. मी अमोलला सुट्टीच्या दिवशी बोलावलं. म्हटलं, तोंड दाखवणार नाही, हात तेवढा दे. त्यानं एका झटक्यात मारून दाखवली. त्याचं ते रोजचंच होतं, समाधान. तू बदडल्यानंतरही. फक्त तू यायचा असलास की तो पाचर काढून खिशात टाकायचा. रोशनी ‘असं कधीही करू नका’ वाचत होती, तेव्हा हा हसून म्हणाला, “करू नका ठीक आहे. पण न करता सुपरवायझरला पाहिजे तेवढा माल कसा काढायचा, तेबी सांगा पाठात.”  ते वाक्य आम्ही कापलं.

मग नावाचा प्रश्न आला. आमच्या पाठात कुणी काय केलं ते लिहावंच लागतं, त्यावर मुलांना गुण असतात. अमोल म्हणाला, माझं नाव नको, सुपरवायझर हाकलून देईल आणि दादाला कळलं तर जिवंत सोडणार नाही. आणि प्रात्यक्षिकापुढे विद्यार्थ्याचं नाव नसेल तर ते गुण कुणालाच मिळत नाहीत. मी म्हटलं, सार्थकचं टाका, पोराला चार गुण मिळतील. मिळाले त्याला गुण.

अपघातानंतर मी दवाखान्यात आले तेव्हा अमोलनं माझा पदर धरला. म्हणाला, “ताई, मी दादाला व्हिडिओचं सांगितलंय. तू खरं सांगू नको. तू ताई आहेस, तुला तो काही करणार नाही.” मला वाटलं, शिव्या मी खाईन, एवढंच ना. तू नाव वाचून येशील हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आता ते वाक्य पुन्हा आठव, ज्यावर तुम्ही पोट धरून हसलात. “हात माझा नाही.” तो खरं सांगत होता. पहिल्या घावानंतर एक नाव घेतलं असतं तर तो सुटला असता. त्यानं अमोलचं नाव घेतलं नाही. पोलिसांनाही सांगितलं नाही. मी विचारलं, का रे बाबा? तर म्हणाला, “मॅडम, त्यांच्या हाताचं तर आधीच झालं होतं ना सगळं. आणि त्यांचा भाऊ समोर पाईप घेऊन उभा होता.” तुझ्या भावाला त्यानं तुझ्यापासून वाचवलं, समाधान.

विश्वास बसणार नाही तुझा. हाताला तोंड नसतं म्हणालास. अंगठ्याच्या बुडाशी कात्रीचा वण असतो पण. तू तो व्हिडिओ झोपेतही बघतोस ना, मग आता नीट बघ. पाचरीवर टेप दाबतो तो अंगठाच.

सार्थक आता घरी बसून डाव्या हातानं तो पाठ परत जोडतो आहे. चुकीचं आणि बरोबर एकाच तुकड्यात, कुणाला सोडवता येणार नाही असं. नाव अमोलचं टाकायचं, असं अमोलच म्हणाला. त्याला पाठात परत हात द्यायचाय, आहे तसा.

१८ तारखेला मी कोर्टात असेन. पत्रं पिशवीत असतील. ती बाहेर काढायची की नाही, हे तुझ्यावर आहे.

उज्वला


नाशिकरोड कारागृह
५ ऑक्टोबर

उज्वलाताई,

१८ ला तू मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होतीस. मी बघितलं, तुझ्याकडे बघवलं नाही. वकिलानं अर्ज मागे घेतला तेव्हा आई रडायला लागली, तिला वाटलं त्याचं डोकं फिरलंय. मीच सांगितलं होतं त्याला. मी बाहेर नको. पुंजालाही कळवलंय की मखमलाबादच्या वाटेला गेलास तर तुझं नाव मी स्वतः साहेबांना देईन. तो कोयता प्रकार मी सांगितल्यावरून झाला, तेही जबाबात लिहून दिलं.

असं वाचून तुला वाटेल समाधान सुधारला. तसं काही नाही. तुझं पत्र वाचलं तेव्हा शेजारी बसलेल्यानं नुसतं विचारलं, “काय लिवलंय घरून?” त्याचं डोकं मी भिंतीवर आपटलं. चांगला माणूस आहे, मला बिडी द्यायचा. त्याबद्दल मला एकट्याला कोठडीत टाकलं, ती शिक्षा भोगून झाली. तो आता माझ्या जवळ बसत नाही. मी उठलो की तो आधी माझ्या हातांकडे बघतो.

शिक्षेत असताना मी तो व्हिडिओ डोक्यात लावून बघितला. शंभर वेळा लावला. पुठ्ठा, टेप, बटण. अंगठा येतो आणि मला वण दिसतोही, दिसतही नाही. वाटायचं, तू सांगितलंस म्हणून दिसतोय. वाटायचं, ताई कॉलेजला वाचवायला काहीही लिहील. माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलत नाही, हे मी एवढ्यांदा एवढ्या लोकांना सांगितलं होतं की ते सोडायला जीव होत नव्हता.

काल अमोल मुलाखतीला आला. पहिल्यांदाच. आईनं आणला असेल, नाहीतर तू पाठवला असशील. इथं मधे जाड काच असते आणि फोनवरून बोलायचं असतं. त्यानं डाव्या हातात फोन धरला. उजवा मांडीवर, फळीच्या खाली, मला दिसणार नाही असा.

मी विचारलं, जेवलास का? म्हणाला, जेवलो. आई बरी आहे? बरी आहे. बागेची छाटणी? चालू आहे.  वेळ संपत आली होती, शिपाई माझ्या मागं येऊन उभा राहिला. मला म्हणायचं होतं की मला सगळं कळलंय आणि मी तुला काही करणार नाही. ताई, मला असलं बोलायची सवय नाही.  म्हणून मी हात उचलला, नुसता काचेवर टेकवायला, म्हणजे त्याला कळेल.

काच एवढी जाड आहे की इकडचा आवाज तिकडे जात नाही. तरी त्याच्या हातातून फोन पडला. मान खाली गेली आणि उजवा हात आपोआप तोंडासमोर आडवा आला, लहानपणी यायचा तसा. बोटं नव्हती त्याला. अंगठा होता आणि अंगठ्याच्या बुडाशी कात्रीचा वण. तोच. व्हिडिओतला.

मी माझा हात लगेच खाली घेतला, पाठीमागे लपवला, दोन्ही लपवले. त्यानं काही आपला हात खाली घेतला नाही. शिपाई मला घेऊन निघाला, मी दारातून वळून बघितलं, तेव्हाही तो तसाच बसला होता.

तुझा
समाधान